१९४८ मध्ये इस्रायल उभेच राहिले नसते तर : पर्यायी इतिहास लिहिण्याची एक पद्धत

ज्यू राष्ट्र स्थापनेच्या वेळीच फसले असे गृहीत धरून कथा लिहायची असेल, तर ‘फसले’ या शब्दाचा अर्थ आधी कागदावर उतरवून ठेवावा. घोषणाच झाली नाही आणि पॅलेस्टाईन संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त कारभाराखाली गेले, हे एक अपयश. घोषणा झाली, पण राज्य तेल अविवच्या आसपासच्या किनारपट्टीपुरते उरले, हे दुसरे. आणि अरब सैन्यांनी ते पुरते मोडून काढले, हे तिसरे. नवखे लेखक बहुधा तिसऱ्याकडे धावतात, कारण त्यात रणधुमाळी असते. माझी पसंती दुसऱ्याला आहे, कारण अर्धवट अपयशात माणसांना रोज निर्णय घ्यावे लागतात आणि कथा त्या निर्णयांवर चालते.

त्यानंतर फाटा शोधावा, म्हणजे खरा इतिहास सोडून कथा जिथे वेगळी वाट धरते तो क्षण. येथे एक मोह टाळावा लागतो. १४ मे १९४८ रोजी दुपारी ४ वाजता तेल अविवच्या संग्रहालयात ज्यूंचे नेते बेन गुरियन स्वातंत्र्याची घोषणा वाचणार होते. ज्या सचिवांकडे तिचा मसुदा होता त्यांच्यासाठी गाडीच ठरवलेली नव्हती. त्यांनी रस्त्यावरची एक गाडी थांबवली, वाटेत पोलिसाने ती वेगासाठी अडवली, आणि मसुदा अगदी शेवटच्या क्षणी पोहोचला, असे सांगतात. किस्सा इतका रंगतदार आहे की, गाडीला अपघात घडवून राष्ट्रच हुकवण्याची इच्छा कोणालाही होईल. पण त्याने काय बदलते? बेन गुरियन दुसऱ्या कागदावरून बोलले असते, फार तर शुक्रवारचा सूर्यास्त होऊन शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला असता. फाट्यातून पुढच्या दहा घटना आपोआप हलत नसतील, तर तो फाटा टाकून द्यावा.

मतदानातला फाटा अधिक भक्कम आहे, मात्र त्याचे गणित स्वतः मांडून पाहावे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईनची ज्यू आणि अरब राज्यांत फाळणी करण्याचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले. तटस्थ मते मोजायची नसल्यामुळे ४६ मतांच्या दोन तृतीयांश, म्हणजे किमान ३१ मते आवश्यक होती. शेवटच्या काही दिवसांत दडपणाखाली ठरावाच्या बाजूला आलेल्या देशांत हैती, लायबेरिया आणि फिलिपिन्स यांची नावे नेहमी घेतली जातात. हे तिघे केवळ तटस्थ राहिले असते, तर ३० विरुद्ध १३ अशा मतांनी ठराव तरीही तरला असता; तिघांनी विरोधात मत दिले असते, तर ३० विरुद्ध १६ झाले असते आणि एका मताने तो पडला असता. कथेतल्या पत्रकाराच्या टिपणवहीत ही बेरीज-वजाबाकी उतरवता येते, आणि ती चुकली तर जाणकार वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटतो. या फाट्याची मर्यादा अशी की, पॅलेस्टाईनचा कारभार पाहणारे ब्रिटिश तरीही निघून जाणारच होते, म्हणून ठराव पडल्यावरही लढाई टळत नाही.

मला स्वतःला प्रागचा फाटा सर्वांत कसदार वाटतो. चेकोस्लोव्हाकियाशी शस्त्रखरेदीचा करार जानेवारी १९४८ मध्ये झाला. ३१ मार्चच्या रात्री शस्त्रे घेऊन पहिले विमान उतरले, आणि लगोलग ‘नोरा’ हे जहाज कांद्याच्या ढिगाखाली ४,५०० रायफली आणि २०० मशीनगन दडवून तेल अविवला लागले. या शस्त्रांच्या बळावर हगाना या ज्यू लढाऊ संघटनेने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १,५०० जणांची ‘नाखशोन’ मोहीम काढून जेरुसलेमचा रस्ता काही काळ मोकळा केला. याच चेकोस्लोव्हाकियाने सीरियालाही रायफली विकल्या होत्या, आणि त्या घेऊन निघालेले ‘लिनो’ हे जहाज हगानाच्या माणसांनी इटलीतील बारी बंदरात बुडवले होते. म्हणजे विक्रेता एकच आणि गिऱ्हाइके दोन. चेकोस्लोव्हाकियावर वचक असलेल्या मॉस्कोने एक इशारा वेगळा दिला, ‘नोरा’ निघालेच नाही आणि ‘लिनो’ सुखरूप पोहोचले, एवढेच बदलावे. बाकी काही बदलू नये.

आता परिणाम एकेक पायरी उतरत लिहावेत. रस्ता बंद राहिला की जेरुसलेममधले सुमारे एक लाख ज्यू उपाशी पडतात. प्रत्यक्ष वेढ्यातही पाण्याची नळवाहिनी तुटली होती, टाक्यांतले पाणी मापाने वाटले जात होते आणि लोक मोकळ्या जागेत उगवणारी खुबेझा ही रानभाजी खुडून शिजवत होते. हा प्रसंग सावकाश लिहावा. हातात बादली घेऊन टँकरची वाट पाहणारी बाई दाखवली की सेनापतींच्या संवादांची फारशी गरज राहत नाही. यानंतर १२ मेची बैठक आपोआप वेगळी होते. त्या दिवशी ज्यूंच्या हंगामी कार्यकारिणीतील १३ पैकी १० जण हजर होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल घोषणा लांबवण्याचा आग्रह धरत होते, आणि हगानाचे मोहीमप्रमुख यिगाएल यादिन यांनी यशाची शक्यता निम्मी-निम्मी असल्याचे सांगितले होते. जेरुसलेम पडलेले असताना यादिन तेच सांगतील का, आणि काठावरचे सदस्य कोणत्या बाजूला झुकतील, हे लेखकाने ठरवायचे आहे.

एकाचे अपयश म्हणजे दुसऱ्याचा विजय, असे समीकरण येथे मांडू नये. ट्रान्सजॉर्डनचे (आजच्या जॉर्डनचे) राजे अब्दुल्ला यांना पॅलेस्टिनी राज्य नको होते, जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा मुलूख हवा होता. पॅलेस्टिनी अरबांचे नेते मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी यांच्याशी त्यांचे हाडवैर होते, आणि इजिप्तला अब्दुल्लांचा विस्तार सलत होता. त्यामुळे ज्यू राज्य आक्रसले तरी पॅलेस्टिनींना राज्य मिळते असे नाही. अब्दुल्लांचे सैन्य आणि इजिप्तचे सैन्य समोरासमोर येणे अधिक संभवते. दुसरीकडे, प्रत्यक्षात घर सुटलेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनींपैकी किती जण आपापल्या गावी राहतात, हे गावागणिक ठरवावे. त्यांना केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरणारी कथा, कोणाच्याही बाजूने लिहिलेली असो, अर्धीच राहते. युरोपातील छावण्यांत थांबलेले सुमारे अडीच लाख ज्यू कुठे जातात, याचेही उत्तर लागते. अमेरिकेचा निर्वासितविषयक कायदा जून १९४८ मध्ये झाला, पण त्याची दारे अरुंद होती.

शब्दांबाबत दक्षता घ्यावी. ‘इस्रायल’ हे नाव १२ मेच्या सुमारास ठरले, म्हणून एप्रिलमधल्या पात्राच्या तोंडी ते घालू नये. तेथील ज्यू समाजासाठी ‘यिशुव’ हा शब्द होता. गावांची तेव्हाची अरबी वळणाची नावे घ्यावीत : लोद नव्हे लिड्डा, आश्दोद नव्हे इस्दूद लिहावे. पुढे काय होणार हे पात्रांना ठाऊक नाही, हे प्रत्येक संवाद लिहिताना आठवावे.

मराठी लेखकाला या विषयात शिरण्यासाठी स्वतःचे दार आहे. भारताने फाळणीच्या विरोधात मत दिले होते, आणि पॅलेस्टाईनविषयक समितीत इराण व युगोस्लाव्हिया यांच्यासह संघराज्याची योजना मांडली होती. फाळणी फसल्यावर तीच योजना पुन्हा टेबलावर येऊ शकते. पण खरे दार अलिबाग-नवगावच्या बाजूला उघडते. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, प्रत्यक्षात १९५० नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, आश्दोद आणि १९५५ मध्ये वसलेले डिमोना येथे त्यांनी घरे केली. जुलै १९४८ मध्ये लिड्डा आणि रामले येथून ५० हजारांहून अधिक अरब रहिवाशांना बाहेर काढण्यात आले होते. तुमच्या कथेत लिड्डा इस्रायलच्या हाती पडतच नाही. तेव्हा एकाच प्रकरणात दोन घरे लिहावीत : लिड्ड्यात दुपारी दुकान उघडणारा, कुठेही न गेलेला एक व्यापारी, आणि नवगावात, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचे ताट मांडून बसलेले एक कुटुंब, ज्याने बोटीची तिकिटे कधी काढलीच नाहीत. दोघांनीही एकमेकांचे नाव ऐकलेले नसावे, आणि निवेदकानेही त्यांची गाठ घालून देऊ नये.