बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती कशी पाहावी

लग्नाचा बस्ता, दवाखाना किंवा मुलांचा कॉलेजप्रवेश अशा कामांसाठी कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडीकडची माणसे बेळगावला सतत येत असतात. मात्र ज्या मध्यवर्ती बसस्थानकावर ती उतरतात, तेथून चालत जाता येईल इतक्या जवळ, किल्ल्याच्या आत, इ. स. १२०४ मधले एक जैन मंदिर उभे आहे, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. हे मंदिर म्हणजे कमल बस्ती. त्यासाठी किमान दोन तास, आणि तेही शक्यतो सकाळचे, राखून ठेवावेत.

कोल्हापूरहून निपाणी, संकेश्वरमार्गे बेळगाव सुमारे ११० किलोमीटर आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने येणाऱ्यांनी पावसाळ्यात जास्तीचा वेळ धरावा. दिवस ठरवताना १ नोव्हेंबर टाळणे बरे, कारण त्या दिवशी शहरात एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, तर दुसरीकडे मराठी भाषक काळा दिवस पाळतात, आणि रहदारी विस्कळीत होते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ सीमेवरच थांबवल्या जातात, म्हणून निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी. पत्ता विचारताना नुसते ‘बस्ती’ म्हणू नये. मराठीत त्याचा अर्थ वस्ती असा होतो, तर येथे तो शब्द कन्नड ‘बसदि’, म्हणजे जैन मंदिर, या अर्थाने रूढ झाला आहे. ‘किल्ल्यातले जैन मंदिर’ असे मराठीतून विचारले तरी काम होते.

खंदक ओलांडून दरवाजातून आत शिरल्यावर घाई करू नये. किल्ल्याचा काही भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे फलक वाचूनच पुढे जावे आणि लष्करी इमारतींची छायाचित्रे मुळीच घेऊ नयेत. सोळाव्या शतकातली सफा मशीदही किल्ल्यातच आहे; ती पाहायची असल्यास प्रवेशाबाबत आधी विचारावे.

रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने हे मंदिर बांधवले. त्या वेळच्या लेखात त्याला ‘रट्ट जिनालय’ म्हटले आहे. बांधकामाची हकीकत सांगणारे शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले असल्याने ते येथे शोधण्यात वेळ घालवू नये. स्वतःच्या गावचा लेख इतक्या दूर असावा, याची हळहळ मात्र वाटतेच. आत बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची मूर्ती आहे आणि तेथे आजही पूजा होते, त्यामुळे चपला व चामड्याचा पट्टा बाहेर काढून ठेवावा, पूजा चालू असल्यास बाजूला उभे राहावे आणि छायाचित्रासाठी परवानगी घ्यावी.

मंदिराला ज्याच्यामुळे नाव मिळाले ते कमळ छतावर आहे. बाहेरच्या उन्हातून आल्यावर प्रथम काहीच नीट दिसत नाही. म्हणून दोन-तीन मिनिटे काळसर दगडाचे घोटीव खांब पाहत थांबावे, डोळे सरावू द्यावेत आणि मगच बरोबर कमळाखाली उभे राहून वर पाहावे. दगडातून खाली उमललेल्या त्या फुलाला ७२ पाकळ्या आहेत, कारण भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर त्यांत कोरलेले आहेत. नजर एका पाकळीवर स्थिर केली की तिच्यातली इवलीशी मूर्ती वेगळी दिसू लागते, आणि मग शेजारची. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना पाकळ्या मोजायला सांगावे, म्हणजे मोठ्यांनाही निवांत पाहता येते.

बाहेर पडल्यावर बहुतेक लोक थेट वाहनाकडे वळतात. तसे न करता जवळच असलेल्या चिक्की बस्तीच्या पडक्या वास्तूपाशी अवश्य थांबावे. तिच्या दर्शनी भागावर नर्तकांची आणि वादकांची एक ओळ कोरलेली आहे, आणि ती मोकळ्या उजेडात असल्यामुळे अगदी जवळून पाहता येते.