निफाडच्या बागेत डबा लावण्याआधी

डिसेंबर लागला की पेपरात निफाडचा पारा यायला लागतो. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो. मामांची द्राक्षबाग तालुक्यातलीच, पण ओढ्याच्या अंगाला सखल आहे आणि थंड हवा सखलात साचते. त्यामुळे पेपरातल्या आकड्यावर त्यांचं भागत नाही. पहाटे शेकोट्या पेटवायच्या का, ठिबक सोडायचं का, हे ठरवायला त्यांना स्वतःच्या बागेतला पारा लागतो, आणि तोही रात्री दोन-तीनला. उशीर झाला तर भरलेले मणी तडकतात.

त्यासाठी हा डबा, बागेतला पारा मोजणारा आणि थंडी वाढली की बझर वाजवणारा. ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या संगणक-बोर्डावर तापमान-आर्द्रतेची दोन एसएचटी३१ (एक बाहेर झडपांच्या पांढऱ्या आवरणात, एक डब्याच्या आत दव धरतंय का ते कळायला), बागेत तीन ठिकाणी वॉटरप्रूफ डीएस१८बी२० तापमान-सेन्सर, उजेडासाठी बीएच१७५०, पानाच्या ओलाव्याची पट्टी, डीएस३२३१ घड्याळ, डब्यात छोटा ओएलईडी पडदा आणि मळ्यावरच्या खोलीच्या भिंतीला आतल्या बाजूने मामांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा चार ओळींचा एलसीडी. शिवाय एक बझर. यातली एकेक वस्तू सुटी जोडली तर दहा मिनिटांत चालते. सगळ्या एकत्र आल्या की भांडतात. नाशिकहून निफाड तासाभराचा रस्ता, आणि रविवारी दुपारी मळ्यावर एक रेझिस्टर कमी पडला तर परत यावं लागतं. म्हणून भांडणं घरच्या टेबलावरच मिटवून जायचं.

सोल्डरिंग गन गरम करायच्या आधी वहीचं एक पान घ्या. प्रत्येक वस्तूपुढे पाच गोष्टी लिहा: किती व्होल्टवर चालते, कोणत्या बसवर (सामाईक तारांवर) बसते, पत्ता काय, पिन कोणती, करंट किती. एकही रकाना रिकामा असेल तर डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा, अंदाजाने भरू नका. या पानावर एक तास गेला तरी तो पुढे दिवसभराचा वेळ वाचवतो.

पत्त्यांचा रकाना आधी तपासा. आय-टू-सी बसवर दोनच तारा असतात, एसडीए आणि एससीएल, आणि सगळी मॉड्यूल्स त्याच दोन तारांवर बसतात. कोणाशी बोलायचं ते पत्त्यावरून ठरतं. एकाच पत्त्यावर दोघं राहत असतील तर दोघंही एकदम उत्तर देतात. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, माझ्या पानावर असं आहे: एसएचटी३१ चा पत्ता ४४, एडी पिन वर ओढली (म्हणजे ३.३ व्होल्टला जोडली) की ४५, म्हणजे दोन बसतात. बीएच१७५० २३ वर, ओएलईडी ३सी वर, एलसीडीच्या पाठीमागची पट्टी २७ वर. एलसीडीच्या पट्टीवरच्या चिपच्या नावात आकड्यांनंतर ए असेल तर तिचा पत्ता २७ नसून ३एफ असतो. घड्याळ ६८ वर, पण त्याच्या मॉड्यूलवर एक मेमरी चिपही बसलेली असते आणि ती बहुधा ५७ वर असते. मॉड्यूल एक, पत्ते दोन, हे आधी लक्षात येत नाही. कोणी याच बोर्डावर एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर लावणार असेल तर त्याचाही मूळ पत्ता ६८ आहे, तेव्हा त्याची एडी-झीरो पिन वर ओढून त्याला ६९ वर न्या. तिसरा एसएचटी३१ हवा झाला तर पत्ता उरत नाही. तिथे टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर घ्यावा, तो एका बसचे आठ फाटे करतो.

ओएलईडीच्या पाठीवर अनेकदा ७८ आणि ७ए असे आकडे छापलेले असतात. ते चुकीचे नाहीत, पण त्यात वाचा-लिहा सांगणारा बिट धरलेला असतो. प्रोग्रॅममध्ये लिहायचे ते ३सी आणि ३डी. कागद झाला की बसवरचे पत्ते शोधणारा स्कॅनरचा छोटा प्रोग्रॅम टाकून एकेक मॉड्यूल लावा आणि दिसलेला पत्ता कागदाशी ताडून बघा. गेल्या वर्षी मी एका दुकानातून बीएमई२८० म्हणून आणलेलं मॉड्यूल बीएमपी२८० निघालं. पत्ता तोच, दिसायलाही सारखंच, पण आर्द्रता मोजतच नाही. चिपचा ओळख क्रमांक वाचला तेव्हा कळलं: ६० हवा होता, आला ५८. आता पत्ता जुळला तरी क्रमांक वाचल्याशिवाय मी मॉड्यूल डब्यात घेत नाही.

मग व्होल्टेज. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. चार ओळींचा एलसीडी मात्र ५ व्होल्टवरच नीट उठून दिसतो, आणि त्याच्या पट्टीवरचे पुल-अप रेझिस्टर बसच्या तारा ५ व्होल्टला ओढतात. थेट जोडलात तर ते ५ व्होल्ट बोर्डाच्या पिनेपर्यंत येतात. मध्ये ५ आणि ३.३ व्होल्टची सांगड घालणारा लेव्हल शिफ्टर लागतो, दोन्ही दिशांनी चालणारा, बीएसएस१३८ वाला. एका बाजूला एकटा एलसीडी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. हे न करताही महिनाभर चालून जाईल, पण दुसऱ्याच्या शेतात लावायच्या वस्तूत मी तशी जोखीम घेत नाही.

पुल-अपची दुसरी बाजू याहून छुपी आहे. जवळजवळ प्रत्येक मॉड्यूलवर स्वतःचे पुल-अप असतात. सगळी एकत्र आली की ते समांतर होतात. ४.७ किलोओहमचे पाच समांतर म्हणजे ९४० ओहम. ३.३ व्होल्टला तार खाली ओढताना चिपला साडेतीन मिलिअँपिअर खेचावे लागतात, आणि साध्या वेगाच्या बससाठी मानकात ३ मिलिअँपिअर धरलेले आहेत. मग काय होतं? सकाळी चालतं, दुपारी पडदा गोठतो, रिसेट केलं की परत चालतं. माझा एक आख्खा आठवडा प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात गेला होता. वीज बंद करून मल्टिमीटरची एक टोचणी एसडीएवर, दुसरी ३.३ व्होल्टवर ठेवा. हजार ओहमच्या खाली दिसलं तर एक-दोन मॉड्यूल्सवरचे पुल-अप ठेवून बाकीचे काढून टाका. तांदळाच्या कणीएवढे असतात, दोन्ही टोकांना सोल्डरचा थेंब देऊन गनने बाजूला सरकवले की निघतात.

पिनांच्या बाबतीत ईएसपी३२ वर दिसतात तितक्या मोकळ्या नाहीत. ६ ते ११ या फ्लॅश मेमरीच्या, त्यांना हात लावू नका. ३४ ते ३९ फक्त वाचायला, त्यांवरून बझर वाजणार नाही. १२ वर पुल-अप असलेली तार जोडली तर बोर्ड सुरूच होत नाही, कारण सुरू होताना तो त्या पिनेवरून फ्लॅशचं व्होल्टेज ठरवतो. डीएस१८बी२० च्या तारेला ४.७ किलोओहमचा पुल-अप लागतोच, म्हणून मी ती ४ वर घेतली. ओलाव्याच्या पट्टीसाठी ३२ ते ३९ मधलीच पिन निवडा. बाकीच्या, म्हणजे दुसऱ्या गटाच्या ॲनालॉग (कमी-जास्त व्होल्टेज मोजणाऱ्या) पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. त्या पट्टीला सतत वीजही देऊ नका, तांबं खाल्लं जातं. एका पिनेवरून वाचनापुरती द्यायची आणि काढून घ्यायची.

ज्यांच्याकडे ईएसपी३२ ऐवजी आर्डुइनो उनो बोर्ड आहे त्यांच्यासाठी एवढंच: त्याची रॅम २०४८ बाइट, आणि १२८ बाय ६४ चा एक ओएलईडी चित्र साठवायला त्यातल्या १०२४ घेतो. दोन पडद्यांचा विचार सोडा, किंवा पानापानाने रंगवणारी लायब्ररी (तयार कोड) वापरा.

आता तारा. आय-टू-सी १९८२ साली फिलिप्सने काढली ती एकाच यंत्राच्या पोटातल्या चिपांनी एकमेकींशी बोलावं म्हणून. ती शेतातून ओढायला नाही. तारांच्या कपॅसिटन्सला (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेला) मिळून ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, त्यामुळे मी हातभर लांबीच्या पुढे जात नाही. म्हणूनच एलसीडी आणि बाहेरचा एसएचटी३१ डबा असलेल्या भिंतीलाच आहेत. नेटवर्कची केबल वापरत असाल तर एसडीए आणि एससीएल एकाच पिळाच्या जोडीत घालू नका, दोघांना वेगवेगळ्या जोडीत ग्राउंडसोबत पाठवा. ओढ्यापर्यंत जायचं काम डीएस१८बी२० चं. त्यांना तीन तारा द्या आणि एकाच लांब तारेवर एकामागोमाग जोडा, एका ठिकाणाहून तीन फाटे काढू नका. प्रत्येकाचा ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. तो घरीच एकेकटा लावून वाचा, वहीत उतरवा आणि केबलला चिठ्ठी बांधा. माझ्या चिठ्ठ्यांवर लिहिलंय: ओढा, मधली ओळ, विहीर.

विजेचा हिशेब छोटा आहे. वायफायवर बोलताना ईएसपी३२ क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, पडदे आणि बझर वेगळे. ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर आणि जाड यूएसबी केबल पुरते. बारीक केबलवर बोर्ड परत परत रिसेट होतो. मळ्यावर लाइट जाणारच, तेव्हा पॉवर बँक घरीच तपासा: चार्ज होताना ती बाहेर वीज देते का, आणि प्लग उपटला की मध्ये झटका बसतो का. घड्याळाच्या मॉड्यूलमध्ये सीआर२०३२ सेल घालणार असाल तर चार्जिंगच्या वाटेवरचा २०० ओहमचा रेझिस्टर काढा. हा सेल चार्ज करायचा नसतो. ३.३ व्होल्टवर तसा धोका नाही, पण उद्या कोणी ५ व्होल्ट जोडेल.

प्रोग्रॅममध्ये दोन आकडे विसरायचे नाहीत. तार तुटली की डीएस१८बी२० ची लायब्ररी उणे १२७ अंश सांगते, आणि मोजणी न होता वाचलं तर ८५ येतात. पहिला आकडा गाळला नाही तर उंदराने केबल कुरतडल्यावर रात्री दोनला बझर वाजेल, मामा धावत बागेत जातील, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा खरी थंडी आली तरी उठणार नाहीत. तारेचा बिघाड पडद्यावर शब्दांत दाखवा, बझर फक्त थंडीसाठी ठेवा. डीएस१८बी२० ला पूर्ण बारकाईने मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोग्रॅम थांबवून ठेवू नका, मोजायला सांगून पुढची कामं करा आणि नंतर आकडा घ्या.

सगळं जोडल्यावर पातेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन तिन्ही सेन्सर त्यात बुडवा. शून्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धा अंश दिसायला हवा. मग गॅलरीत पूर्ण एक रात्र, वायफायसकट, दोन्ही पडदे चालू ठेवून. मध्यरात्री एक सेन्सर मुद्दाम उपटा आणि काय होतं ते बघा.

पिशवीत जायचं ते: जादा बोर्ड त्याच प्रोग्रॅमसह, जादा डीएस१८बी२०, मल्टिमीटर, गन आणि सोल्डर, हीट-श्रिंक, केबल ग्लँड, टाय, तारा, ती वही. शनिवारी रात्री मामांना फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: खोलीतला प्लग भिंतीपासून किती लांब आहे, आणि रविवारी फवारणी आहे का. असेल तर येताना सेन्सरवर घालायला कॅरीबॅगही घ्यायची.