रविवारी घरी मटण की बाहेर थाळी? दोन्हीकडे होणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्याकडे नऊ माणसं जेवायला होती. दादा-वहिनी, त्यांची दोन पोरं, आत्या, आई-बाबा आणि आम्ही दोघं. तांबडा-पांढरा रस्सा मी करणार असं मीच मोठ्या तोंडाने ग्रुपवर टाकलेलं. साडेबाराला पांढऱ्याच्या पातेल्यात नारळाचं दूध ओतलं, गॅस फुल, तेवढ्यात बेल वाजली म्हणून दार उघडायला गेलो आणि परत येऊन बघतो तर वर पाणी आणि त्यात कण्या तरंगतायत. मटण अजून चिवट, भाकरी थापायला घेतली तर कडा फाटायला लागल्या. सव्वादोनला बाबा म्हणाले चला बाहेर जाऊ, तर तिथे पाऊण तास वेटिंग. म्हणजे घरच्या आणि हॉटेलच्या अशा सगळ्या चुका एकाच दिवसात करून झाल्या. त्यानंतर बऱ्याच रविवारी सुधारत सुधारत आता जमतं, म्हणून लिहितोय.

पहिली चूक अगदी साधी आहे, कालनिर्णय न बघता बेत ठरवणं. रविवारी संकष्टी निघते, आत्याची एकादशी निघते आणि मग दोन किलो मटणाच्या शेजारी साबुदाण्याची खिचडी पण करावी लागते. आधी बघा, मग ग्रुपवर टाका.

आता मटण. दुकानात जाऊन नुसतं "दोन किलो द्या" म्हणायचं नाही. किती माणसं आणि रस्सा करायचाय की सुकं हे सांगायचं. रश्शाला नुसती मांडी घेतली तर पीस छान दिसतात पण रश्शात काही उतरत नाही, हाडं पाहिजेत, म्हणून मिक्स घ्यायचं, नळी, चाप, खांदा असं. माणशी पाव किलो धरलं की पुरतं, पोरांना त्याहून कमी. आणि दहानंतर गेलात तर जे उरलंय ते मिळतं. गडद लाल, जाड धाग्याचं, पिवळट चरबीचं दिसलं तर ते जून आहे, शिजायला वेळ लागणार हे धरूनच चाला.

मटण शिजत नाही याचं निम्मं कारण घाई आणि निम्मं कारण पाणी. मी आधी काय करायचो, सगळं कुकरमधे कोंबायचं, नळाचं गार पाणी ओतायचं आणि शिट्ट्या मोजत बसायचं. आईची पद्धत वेगळी. मीठ, हळद, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण लावून तासभर ठेवायचं, पातेल्यात थोड्या तेलावर कांदा आणि त्यावर मटण परतायचं, वर खोलगट ताट झाकायचं आणि त्या ताटात पाणी. मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, खालच्या वाफेने ताटातलं पाणी तापतं, आतलं आटलं की तेच गरम पाणी आत ओतायचं आणि ताटात परत नवीन. शिजत्या मटणात गार पाणी पडलं की उकळी थांबते आणि आई म्हणते मटण दचकतं. शास्त्र काय असेल ते असो, दचकलेलं मटण मी खाल्लंय.

कुकरच वापरायचा असेल तर हरकत नाही, फक्त शिट्टी उचलून वाफ सोडू नका, आपोआप जाऊ द्या. एवढं करूनही चिवट राहिलं तर कच्च्या पपईचा छोटा तुकडा किसून टाकायचा आणि मंद गॅसवर ठेवायचं. छोटाच. एकदा मी फोडच्या फोड टाकली तर मटणाचा खिमा झाला, हाडं वेगळी आणि बाकी लगदा.

इथेच एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मसाला पडायच्या आधी अळणी पाणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी, बाजूला काढायचं. पांढरा त्यातच होतो आणि वर पोरांची सोय होते. घरातली लहान पोरं तांबडा खात नाहीत म्हणून सगळ्यांचाच रस्सा सपक करणं ही मोठी चूक आहे, त्याने पोरंही खूश नाहीत आणि बाबाही नाहीत. अळणीत भात कालवून चार मऊ पीस टाकले की आमची छोटी मुकाट जेवते.

पांढरा का फुटतो तर नारळाच्या दुधाला जोरात उकळी सोसत नाही, त्यातलं प्रोटीन आकसतं आणि स्निग्ध भाग सुटा होतो. म्हणून आधी खड्या मसाल्याची फोडणी, मग अळणी पाणी, मग काजू-खसखशीचं वाटण, ते नीट उकळून घ्यायचं, गॅस अगदी बारीक करायचा आणि तेव्हा दूध ओतायचं. ढवळत राहायचं, झाकण नाही, वाफा आल्या की बंद. दही, टोमॅटो, लिंबू असं आंबट काही या पातेल्याच्या जवळपास नको. आणि दाराची बेल दुसऱ्याला उघडू द्या. फुटलाच तर गॅसवरून उतरवून थोडं काजूचं वाटण घालून ब्लेंडर फिरवायचा, अगदी पहिल्यासारखा होत नाही पण वाटीत बरा दिसतो.

तांबड्याचं दुखणं दुसरं. सुकं खोबरं भाजताना फोन बघितला की संपलं, ते बघता बघता काळं पडतं आणि जळक्या खोबऱ्याचा कडूपणा गूळ घालूनही जात नाही, ते वाटण सरळ टाकून द्या, खोबरं मटणाहून स्वस्त आहे. कांदा-लसूण मसाला घातल्यावर गॅस बारीक, तेल सुटेपर्यंत परतायचं आणि मग गरमच पाणी, तेव्हा कुठे वर कट येतो. मीठ जास्त झालं तर बटाटा टाका असं सगळे सांगतात. बटाटा खारट रस्सा शोषतो, नुसतं मीठ वेचून घेत नाही, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. बिनमिठाचं वाटण आणि गरम पाणी घालून वाढवणं हाच इलाज, रस्सा जास्त होईल तर होऊ दे.

भाकरी फाटते तेव्हा हाताला दोष देऊ नका, पीठ बघा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे दळून बरेच दिवस झाले की विरी, म्हणजे पीठ धरून राहण्याची ताकद, जाते. ताजं दळून आणा. ते नसेल तर कडकडीत पाण्याने उकड काढून मळा, बरंच सावरतं.

वेळेचं एक सांगतो. सगळ्यांना बसवून एकजण तव्यापाशी उभं राहायचं आणि तिने (हो, तीच असते) शेवटी गार जेवायचं हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं. आता पहिल्या बारा भाकऱ्या आधीच करून कापडात गुंडाळून डब्यात ठेवतो आणि सगळे एकदम बसतो. भाकरी थोडी मऊ पडते, आत्या बोलते, बोलू दे.

आता बाहेर जायचं असेल तर. रविवारी दीडला पोचणं म्हणजे वेटिंग मागून घेणं, बाराला जा. सोबत गुडघेदुखीवाली आत्या असेल तर फोनवर आधी विचारा की बसायची सोय खाली आहे का जिना आहे, आम्ही एकदा वर जाऊन मग लिफ्ट शोधली होती. ऑर्डर एकदम देऊ नका. नऊ जण म्हणजे नऊ स्टार्टर असं नसतं, स्टार्टरवर पोट भरतं आणि मुख्य जेवण पार्सल होतं. बऱ्याच ठिकाणी मटण थाळीत रस्सा पाहिजे तेवढा वाढतात पण थाळी दोघांत चालत नाही, हे बसल्या बसल्या विचारून घ्या, बिल आल्यावर भांडण नको. लहान पोरांसाठी अळणी मिळेल का तेही तेव्हाच विचारायचं.

आणि बिल वाचा. आम्ही न वाचता पैसे देणाऱ्यातले. साध्या रेस्टॉरंटमधे जीएसटी ५ टक्के असतो. सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट केलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली उच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. त्या दिवशी आमच्या बिलात १० टक्के लावलेला होता, वहिनीने बोट ठेवल्यावर मॅनेजरने काही न बोलता नवीन बिल आणलं. वेटरला टीप मात्र हातात द्या, पोरगं धावून धावून वाढत असतं.

उरलेल्याचं बघा. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, शिजवूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू त्यात असतात, बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. तास-दोन तासात फ्रीजमधे गेला पाहिजे. पांढरा उरवूच नका, परत गरम करताना फुटतोच. तांबडा मात्र एक वाटी मुद्दाम लपवून ठेवायचा. सोमवारी सकाळी तो मुरलेला असतो, त्यात शिळी भाकरी कुस्करायची आणि वर कच्चा कांदा. आमच्याकडे त्या वाटीसाठी दादाचा सकाळी सातलाच फोन येतो, आणि आम्ही संपलं म्हणून सांगतो.