क्लाइमो की मॅकबेथ? वेगवेगळ्या काळांतले डिस्क गोल्फपटू कसे तोलावेत

१९९० साली केन क्लाइमो पहिल्यांदा डिस्क गोल्फचा जगज्जेता झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉल मॅकबेथ जन्मला. पुढे क्लाइमोच्या नावावर बारा जगज्जेतेपदं लागली, मॅकबेथच्या नावावर सहा. नुसते आकडे बघितले तर वाद इथेच मिटायला हवा. पण हा खेळ मनापासून बघणाऱ्या कुणालाही विचारा, वाद अजून रंगतोच आहे. तो नीट कसा घालावा, कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवावा आणि कुठल्यावर नाही, हे मी बरीच वर्षं वहीत मांडून बघत आलो आहे. त्यातून हाती लागलेली रीत इथे देतो.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडू आणि काठीऐवजी हाताने फेकायची चकती, म्हणजे डिस्क. खड्ड्याऐवजी खांबावर लावलेली साखळ्यांची बास्केट. टीवरून, म्हणजे फेकायच्या ठरलेल्या जागेवरून, सुरुवात करायची आणि कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क बास्केटमध्ये पाडायची. टी ते बास्केट हा एक टप्पा म्हणजे एक होल. ही साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक यांची. खेळाची मुख्य संघटना पीडीजीए हीसुद्धा त्यांनीच १९७६ मध्ये सुरू केली.

आधी प्रश्न ठरवा

‘सर्वांत मोठा कोण’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. ऐन भरात असताना कोण सर्वांत वर होता? पूर्ण कारकीर्दीत कुणी जास्त कमावलं? आणि दोघांना आज एका टीवर उभं केलं तर कोण जिंकेल? यातला कुठला प्रश्न सोडवताय ते वहीत वर लिहून ठेवा. निम्मी भांडणं होतात ती एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतोय आणि दुसरा तिसऱ्याचं, म्हणूनच.

तिसरा प्रश्न मी सरळ बाजूला ठेवतो. का, ते डिस्क हातात घेतल्यावर कळतं. जुनी खेळण्यातली फ्रिस्बी घ्या: कड गोल, जाड, बोटं आत वळवली की मऊ पडते. आता आजचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, घ्या. व्यास जेमतेम २१ सेंटिमीटर, वजन १७५ ग्रॅमच्या आसपास, आणि कड दोन सेंटिमीटरहून रुंद, बाहेरच्या बाजूला धारेसारखी निमुळती होत गेलेली. चारही बोटं त्या कडेच्या आत घट्ट बसतात. गोल कडेची चकती हवेला ढकलत जाते, निमुळत्या कडेची हवेला चिरत जाते. हा बदल १९८३ साली डेव्ह डनिपेस यांनी इनोव्हा कंपनीच्या ‘ईगल’ या डिस्कने आणला आणि त्यानंतर कडा रुंद आणि वेगवान होतच गेल्या. १९९८ मध्ये स्कॉट स्टोकलीने २११ मीटर फेक केली तेव्हा तो विक्रम होता. २०१६ मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनियरने ३३८ मीटर गाठले. मधल्या अठरा वर्षांत माणसाचा हात दीडपट झाला नाही. शिवाय असे विक्रम जोरदार वारा बघून, मोकळ्या मैदानात केले जातात. झाडांमधल्या होलवर त्यांचा काडीचा उपयोग नाही. तेव्हा लांबीचे विक्रम तुलनेच्या तक्त्यात घेऊच नका.

जेतेपदं मोजा, पण प्रत्येकाच्या शेजारी परिस्थिती लिहा

क्लाइमो: १९९० ते १९९८ सलग नऊ, मग २०००, २००२ आणि २००६. मॅकबेथ: २०१२ ते २०१५ सलग चार, मग २०१९ आणि २०२२. ही यादी लिहून झाली की लगेच निष्कर्षाकडे धावू नका. जेतेपदांची संख्या किती नाजूक असते, ते २०२१ च्या एका थ्रोने दाखवलं.

यूटामधलं ऑग्डेन. जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस, शेवटचं होल. मॅकबेथ एका थ्रोने पुढे. जेम्स कॉनरॅड बास्केटपासून २४७ फुटांवर, म्हणजे सुमारे ७५ मीटरवर उभा. तिथून डिस्क थेट आत गेली तरच बरोबरी, नाहीतर खेळ संपला. कॉनरॅडने फेकलेली डिस्क हवेत वळत गेली आणि साखळ्यांवर आदळून बास्केटमध्ये पडली. जादा होलवर तो जिंकला आणि जगज्जेता झाला. मी ती चित्रफीत किती वेळा बघितली असेल याची गणती नाही, आणि दर वेळी साखळ्या वाजल्या की अंगावर काटा येतो. आता विचार करा: ती डिस्क हातभर बाजूने गेली असती तर आज मॅकबेथच्या नावावर सात असती. २०२० मध्ये तर कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही, आणि तेव्हा गतविजेता मॅकबेथच होता. त्याचा खेळ तोच, त्याची योग्यता तीच, फक्त आकडा वेगळा. म्हणून प्रत्येक जेतेपदाशेजारी एक ओळ लिहा: किती थ्रोने जिंकला, जादा होलवर गेला का, कोण खेळलं नव्हतं. २०२२ चं मॅकबेथचं जेतेपदही जादा होलवरच मिळालं, हेही त्याच प्रामाणिकपणाने नोंदवा.

सलग जेतेपदांचं वजन मात्र वेगळं असतं, कारण तिथे नशीब पुरत नाही. साधा हिशेब करा. दर वर्षी जिंकण्याची शक्यता निम्मी धरली तर सलग नऊ वेळा जिंकण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. सलग नऊ जेतेपदं निदान नाणेफेकीइतकी शक्य वाटायची असतील, तर दर वर्षीची शक्यता जवळजवळ ९३ टक्के असावी लागते. सलग चारसाठी तीच ८४ टक्के. दोन्ही आकडे अफाट आहेत. पण नव्वदच्या दशकात क्लाइमो स्पर्धेला येताना इतरांच्या मनात काय चालत असेल, हे पहिल्या आकड्यावरून कळतं.

दुसऱ्या क्रमांकाशी नव्हे, दहाव्याशी अंतर मोजा

जिंकणारा किती पुढे होता हे बघताना बहुतेक लोक उपविजेत्याकडे बघतात. ते चुकीचं आहे. उपविजेता म्हणजे त्या आठवड्यात भलताच चांगला खेळलेला एखादाच माणूस. दहाव्या क्रमांकाचा खेळाडू त्या काळातल्या उत्तम खेळाची खरी पातळी दाखवतो. दहाव्याच्या एकूण थ्रोमधून विजेत्याचे वजा करा आणि येणाऱ्या आकड्याला फेऱ्यांच्या संख्येने भागा. जुन्या आणि नव्या स्पर्धांत फेऱ्यांची संख्या वेगळी असायची, म्हणून भागणं आवश्यक.

थोडं पुढे जायचं असेल तर पहिल्या वीस जणांची सरासरी आणि ते सरासरीपासून किती विखुरलेले आहेत ते काढा. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये प्रमाण विचलनाचं सूत्र तयार असतं. समजा एका स्पर्धेत वीस जणांची सरासरी २५०, विचलन ६ आणि आपल्या खेळाडूचे थ्रो २३८. दुसऱ्या स्पर्धेत सरासरी २२०, विचलन ४ आणि दुसऱ्या खेळाडूचे २१२. पहिला बारा थ्रोने पुढे, दुसरा फक्त आठने. पण भागाकार केला तर दोघंही दोन विचलनांनी पुढे, म्हणजे सारखेच. होल सोपे होते की अवघड, डिस्क जुनी की नवी, जुन्या बास्केटला साखळ्या कमी आणि त्यामुळे जवळून टाकलेले थ्रोही बाहेर पडायचे, हे सगळं या एका भागाकारात बऱ्यापैकी विरघळून जातं, कारण त्या दिवशी सगळेच त्याच मैदानावर तीच साधनं घेऊन खेळत असतात.

मग विचारा: समोर कोण होतं?

हीच सर्वांत अवघड पायरी, आणि क्लाइमोचे विरोधक इथेच जोर लावतात. पीडीजीएचा सदस्य क्रमांक नोंदणीच्या क्रमाने मिळतो. हेड्रिक यांचा क्रमांक १. क्लाइमोचा ४२९७. मॅकबेथचा २७५२३. त्याचा समकालीन रिकी वायसॉकीचा ३८००८. आजच्या तरुण पिढीतल्या गॅनन ब्युरचा ७५४१२. आज हे क्रमांक दोन लाखांच्या पुढे गेले आहेत. फिनलंड, एस्टोनिया, स्वीडनमधून खेळाडू येतात. २०१६ पासून स्वतंत्र प्रो टूर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची मालिका, आहे. मॅकबेथने २०२१ मध्ये डिस्क बनवणाऱ्या डिस्क्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला. क्लाइमोच्या ऐन काळात अशा करारांची कुणी कल्पनाही केली नव्हती.

पण सदस्यसंख्येने थेट भागाकार करायचा मोह टाळा. दोन लाखांतले बहुतेक रविवारी सकाळी मित्रांबरोबर खेळणारे आहेत. बघायचं ते हे, की खरोखर जिंकू शकतील असे किती होते. त्यासाठी जेत्यांची यादी काळानुसार तोडून बघा. १९९० ते १९९८: नऊ स्पर्धा, एक जेता. १९९९ ते २०११: तेरा स्पर्धा, आठ जेते. २०१२ ते २०१५ मॅकबेथच. २०१६ ते २०२४: आठ स्पर्धा, पाच जेते.

आता मधल्या काळाकडे नीट बघा. स्पर्धा रुंदावली, नवे जेते येऊ लागले, बॅरी शुल्त्झ, नेट डॉस, डेव्हिड फेल्डबर्ग ही पिढी भरात आली, आणि त्याच काळात क्लाइमो आणखी तीनदा जिंकला. शेवटचं, २००६ चं, वयाच्या ३८ व्या वर्षी. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी जिंकलेला डॉस तेव्हा तरुण होता. ‘समोर कोणी नव्हतंच’ हा आक्षेप पहिल्या नऊ जेतेपदांना थोडाफार लागू पडेल. या तिघांना अजिबात लागू पडत नाही. माझ्या लेखी क्लाइमोची सर्वांत मौल्यवान जेतेपदं नव्वदच्या दशकातली नाहीत, हीच तीन आहेत.

यातूनच या सगळ्या उद्योगातलं सर्वांत विश्वासाचं हत्यार मिळतं: दुवा असलेले खेळाडू. क्लाइमो आणि मॅकबेथ भर ओसरण्याआधी एकमेकांसमोर फारसे आले नाहीत. पण डॉस दोघांशी खेळला. तो २००५, २००७ आणि २०११ चा जगज्जेता, आणि लगेच पुढच्या वर्षी मॅकबेथची मालिका सुरू झाली. डॉस क्लाइमोच्या किती मागे राहायचा, मॅकबेथच्या किती मागे राहिला, असे दोन रकाने करा. तसेच फेल्डबर्गचे करा, शुल्त्झचे करा. एका दुव्यावर विसंबू नका, तीन-चार तरी घ्या, आणि प्रत्येकाशेजारी त्या वर्षीचं वय लिहा. वय लिहिलं नाही तर उतरत्या काळातल्या दुव्यामुळे नवा खेळाडू आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

रेटिंग जपून वापरा

पीडीजीएचं रेटिंग बघून लोक लगेच बोलतात: मॅकबेथ १०५० च्या वर गेला, मग प्रश्नच मिटला. रेटिंग म्हणजे काय ते आधी समजून घ्या. एखाद्या फेरीचं रेटिंग त्या दिवशी त्याच मैदानावर खेळलेल्या इतरांच्या आधीच्या रेटिंगवरून ठरतं. म्हणजे ही पट्टी स्वतःच लोकांनी बनलेली आहे, आणि लोक बदलले की पट्टीही हलते. एकाच वर्षातल्या दोघांची तुलना करायला ती उत्तम. साधारण दहा गुण म्हणजे फेरीत एक थ्रो, हा अंदाज तिथे चालतो. वीस वर्षांच्या अंतरावर तिचा उपयोग करू नका. क्लाइमोची बरीचशी जेतेपदं तर रेटिंग सुरू होण्याआधीचीच आहेत.

सरावासाठी महिला गटाचं उदाहरण घ्या

रीत हातात बसवायची असेल तर मी जुलियाना कॉर्व्हर आणि पेज पियर्सपासून सुरुवात करायला सांगेन, कारण इथे जेतेपदं बरोबरीत आहेत. दोघींची पाच-पाच. (इलेन किंगचीही पाच. तिला विसरून चालणार नाही.) कॉर्व्हर: १९९८ ते २००१ सलग चार आणि २००३. सहा वर्षांत पाच. पियर्स: २०११, २०१३, २०१५, २०१७, २०१९. एक वर्ष सोडून एक, नऊ वर्षं.

पहिल्या नजरेला कॉर्व्हर भारी वाटते. आता पियर्सची मधली वर्षं भरा: २०१२ सारा होकम, २०१४ कॅट्रिना ॲलन, २०१६ व्हॅलरी जेनकिन्स, २०१८ पेज ब्यार्कास. चार वर्षांत चार वेगळ्या जगज्जेत्या. म्हणजे तिच्यासमोर जिंकू शकणाऱ्या निदान चार जणी होत्या, आणि तरी ती नऊ वर्षं परत परत वर येत राहिली. ऐन भराचा प्रश्न असेल तर मी कॉर्व्हरकडे झुकतो, टिकण्याचा असेल तर पियर्सकडे. नंतर एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तार २०२२ आणि २०२३ मध्ये आणि फिनलंडची एवेलिना सालोनेन २०२४ मध्ये जिंकली. पुढची तुलना यापेक्षा अवघड होणार आहे.

निकाल लिहा, मग तो हलवून बघा

चार रकाने पुरतात: जेतेपदं, दहाव्याशी अंतर, समोरच्यांची ताकद, दुव्यांचा हिशेब. प्रत्येकाला किती वजन द्यायचं ते नावं भरायच्या आधी ठरवा, नाहीतर आवडत्या खेळाडूला जिंकवणारीच वजनं मनात येतात. हे माझंही व्हायचं. बेरीज झाली की वजनं मुद्दाम बदला, समोरच्यांच्या ताकदीला दुप्पट द्या, जेतेपदांना निम्मं. नावांचा क्रम तसाच राहिला तर निकालावर भरवसा ठेवा. उलटला तर ‘हे दोघं बरोबरीत’ असं लिहायला लाजू नका.

माझ्या वहीत सध्या असं आहे: पूर्ण कारकीर्दीत क्लाइमो, वजनं कशीही फिरवली तरी. एका मोसमात मॅकबेथचं २०१५, कारण त्या वर्षी त्याने एकूण एक मेजर, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, स्पर्धा जिंकली. पुढचा रकाना ब्युरच्या नावाने मोकळा ठेवला आहे, दुवा म्हणून वायसॉकी आणि मॅकबेथ दोघंही अजून खेळत आहेत तोवर त्याच्या नोंदी भरून घेतो आहे.