सनरूफच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली पाणी: माझा अनुभव

लक्षण असं: पावसात नाशिकहून इगतपुरीला जाऊन आलं की ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं, काचांवर आतून वाफ, दोन दिवसांनी कुबट वास. छताचं अस्तर मात्र कोरडं.

एसीची ड्रेन नळी साफ केली, दाराचं रबर बदललं, सनरूफच्या कडेला सिलिकॉनही फासलं. पैसे गेले, पाणी तिथंच.

सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते त्याचं कामही नाही. आत आलेलं पाणी सनरूफच्या चौकटीभोवतीच्या पन्हाळीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांनी गाडीखाली जातं. झाडाखाली गाडी उभी राहिली की पाला-धुळीचा बोळा नळीच्या तोंडाशी बसतो आणि पाणी बाहेर न जाता गाडीत उतरतं.

गाडी सपाट जागी लावून सनरूफ पूर्ण उघडा. आधी पन्हाळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तोच गाळ नळीत जाईल. पुढच्या कोपऱ्यात १०० मिली पाणी हळूहळू ओता. तुंबलं, तर गवत कापायच्या यंत्राची २ मिमी नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा आणि फिरवत आत सोडा. अडली तर जोर लावू नका. मग कोमट पाणी ओता; गाडीखाली धार लागली की नळी मोकळी. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी जोडातून निसटली तर अस्तर उतरवावं लागतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढून कार्पेट उचला. खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि तिथल्या वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज चढतो. फोम पूर्ण वाळू द्या. नळ्या दरवर्षी मे अखेरीस तपासा.