टाइमआउट, रिफ्यूज्ड की ॲक्सेस डिनाइड? क्लाउडचं नेटवर्क, आयएएम आणि होस्टिंग एकाच सरावात

क्लाउड शिकवताना नेटवर्किंग, ओळख-परवानग्या (आयएएम) आणि ॲप होस्टिंग यांचे तीन वेगळे धडे केले जातात. कामावर मात्र साइट बंद पडली की पहिल्यांदा हेच शोधावं लागतं, की दोष या तिघांपैकी कुठे आहे. म्हणून तिन्ही गोष्टी एकाच छोट्या सरावात बांधा आणि चालू झालं की एकेक भाग मुद्दाम मोडून बघा. कुठला भाग मोडला की कुठली एरर येते, हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं.

सराव एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये करू. तिथे तीन अव्हेलेबिलिटी झोन (एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर) आहेत, आपल्याला दोन पुरतात.

खातं उघडल्यावर रूट यूजरला (खात्याच्या मुख्य मालकाला) एमएफए (पासवर्डसोबत दुसरी पडताळणी) लावा, त्याची ॲक्सेस की (प्रोग्रामने लॉगिन करायची किल्ली) कधीही बनवू नका आणि रोजच्या कामाला वेगळा यूजर घ्या. बिलिंगमध्ये ५ डॉलरचा बजेट अलर्ट ठेवा. अलर्टने फक्त ईमेल येतो, तोही काही तास उशिरा. चालू असलेल्या गोष्टी तो बंद करत नाही.

नेटवर्क

व्हीपीसीला, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कला, १०.२०.०.०/१६ ही आयपी पत्त्यांची रेंज द्या. १७२.१७ ने सुरू होणारी रेंज टाळा, कारण डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) स्वतःच्या अंतर्गत नेटवर्कसाठी तीच वापरतो. मग सर्व्हरवरून त्या रेंजकडे निघालेलं पॅकेट मशीनच्या बाहेरच पडत नाही आणि दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो. रेंज नीट विचार करून निवडा, कारण व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही.

चार सबनेट (व्हीपीसीचे लहान तुकडे) करा: पब्लिक १०.२०.१.०/२४ आणि १०.२०.२.०/२४, प्रायव्हेट १०.२०.११.०/२४ आणि १०.२०.१२.०/२४. प्रत्येक जोडीतलं एक सबनेट एका झोनमध्ये, दुसरं दुसऱ्या. /२४ मध्ये पत्ते २५६ असले तरी हाती २५१ च येतात, कारण पहिले चार आणि शेवटचा एक एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं.

सबनेटला पब्लिक नाव दिलं म्हणून ते पब्लिक होत नाही. त्याच्या राउट टेबलमध्ये (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याच्या यादीत) ०.०.०.०/० ही ओळ (म्हणजे बाकी सगळे पत्ते) इंटरनेट गेटवेकडे जात असेल तरच ते पब्लिक. प्रायव्हेट सबनेटच्या टेबलमध्ये हीच ओळ नॅट गेटवेकडे (जो आतून बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आत येऊ देत नाही) जाते, आणि खुद्द नॅट गेटवे पब्लिक सबनेटमध्ये असावा लागतो. नवखे लोक तो हमखास प्रायव्हेटमध्ये ठेवतात. मग स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, पण सर्व्हरवरून बाहेरची एकही साइट उघडत नाही.

सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे सर्व्हरभोवतीचे फायरवॉल नियम, दोन लागतील. लोड बॅलन्सरच्या (बाहेरची विनंती घेऊन सर्व्हरकडे देणाऱ्याच्या) ग्रुपमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट सगळ्यांना खुले. सर्व्हरच्या ग्रुपमध्ये फक्त ८०८० (आपलं ॲप इथे ऐकेल) खुला, आणि सोर्स म्हणून आयपी न देता लोड बॅलन्सरचा सिक्युरिटी ग्रुपच द्या, कारण लोड बॅलन्सरचे आयपी बदलत राहतात. २२ नंबरचा (एसएसएचचा) पोर्ट उघडायची गरज नाही, सर्व्हरवर सेशन मॅनेजरने (सर्व्हरची कमांड लाइन उघडणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सोयीने) जाता येतं.

सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या कनेक्शनची आठवण ठेवतो, त्यामुळे उत्तराला वेगळा नियम लागत नाही. नेटवर्क एसीएल (अख्ख्या सबनेटला लागू होणारे फायरवॉल नियम) ही आठवण ठेवत नाही. एसीएलमध्ये आत येणारा ८०८० उघडला आणि बाहेर जाणाराही ८०८० च उघडला, तर उत्तर अडकतं. उत्तर परत जातं ते समोरच्याच्या तात्पुरत्या पोर्टवर, म्हणजे १०२४ ते ६५५३५ मधल्या कुठल्यातरी. हा प्रयोग एकदा करून बघाच, आणि मग एसीएल पुन्हा डिफॉल्टवर आणून सोडून द्या.

ओळख आणि परवानग्या

सर्व्हरवर ॲक्सेस की ठेवायची नाही, त्याला रोल (तात्पुरत्या परवानग्या देणारी ओळख) द्यायचा. रोलला दोन कागद लागतात: हा रोल कोण धारण करू शकतो हे सांगणारी ट्रस्ट पॉलिसी, आणि धारण केल्यावर काय करता येईल हे सांगणारी परवानग्यांची पॉलिसी. ट्रस्ट पॉलिसीत ईसीटू (एडब्ल्यूएसची सर्व्हर भाड्याने देणारी) सर्व्हिस लिहा. परवानग्यांत सेशन मॅनेजरसाठीची तयार पॉलिसी जोडा, शिवाय एका एसथ्री बकेटमधून (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीतल्या डब्यातून) फाइल वाचायची मुभा द्या.

सगळे अडतात ते या बकेटपाशी. यादी बघायची परवानगी बकेटच्या एआरएनवर (एडब्ल्यूएसमधल्या तिच्या पूर्ण नावावर) द्यावी लागते, आणि फाइल वाचायची परवानगी त्याच एआरएनपुढे तिरकी रेघ आणि तारा (/*) लावलेल्या एआरएनवर. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं तर एक चालतं आणि दुसरं ॲक्सेस डिनाइड देतं. दुसरा चकवा असा: यादीची परवानगी नसताना नसलेली फाइल मागितली तर ४०४ (सापडलं नाही) न येता ४०३ (मनाई) येतो. फाइल आहे की नाही हेही एसथ्री सांगत नाही. तेव्हा ४०३ दिसला की पॉलिसीत हात घालण्याआधी फाइलचं नाव तपासा.

नियमांचा क्रम सोपा आहे. काहीच लिहिलं नसेल तर नकार, कुठेतरी अलाउ असेल तर होकार, आणि कुठेही स्पष्ट डिनाय असेल तर कितीही अलाउ असले तरी नकारच.

रोल नीट लावूनही परवानगी मिळत नसेल, तर सर्व्हरवर एसटीएसची (तात्पुरती ओळख देणाऱ्या सेवेची) गेट-कॉलर-आयडेंटिटी कमांड चालवा. आपण नक्की कोण म्हणून विचारतोय हे ती सांगते. उत्तरात तुमच्या रोलचं नाव नसेल, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा होम फोल्डरमध्ये जुनी की पडलेली आहे. एसडीके (एडब्ल्यूएसशी बोलणारी कोड लायब्ररी) आधी ती उचलतो, रोलचा नंबर नंतर लागतो.

ॲप होस्टिंग

प्रायव्हेट सबनेटमध्ये ॲमेझॉन लिनक्स २०२३ चा टी३ मायक्रो सर्व्हर सुरू करा, रोल जोडा आणि ८०८० वर छोटं ॲप चालवा. ॲप १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनसाठी) ऐकत असेल तर सर्व्हरवरून कर्ल (पान मागणारी कमांड) व्यवस्थित चालेल, पण लोड बॅलन्सरला ते दिसणार नाही. ०.०.०.० वर (मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर) ऐकायला लावा. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू ठेवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस करून ती एनेबल करायलाही विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर ॲप परत येणार नाही.

ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर दोन्ही पब्लिक सबनेटमध्ये ठेवा. हेल्थ चेकसाठी (सर्व्हर ठीक आहे का या तपासणीसाठी) वेगळा पाथ द्या, जो लॉगिन न मागता २०० (ठीक) परत करेल. मुख्य पान लॉगिनकडे वळवत असेल तर ३०२ मिळतो आणि धडधाकट सर्व्हर अनहेल्दी ठरतो. डिफॉल्ट तपासणी दर ३० सेकंदांनी होते. एकदा अनहेल्दी ठरलेल्या सर्व्हरला परत यायला सलग ५ तपासण्या पास व्हाव्या लागतात, म्हणजे दुरुस्तीनंतर सुमारे अडीच मिनिटं धीर धरा. लोक या अडीच मिनिटांतच चालू झालेलं काहीतरी पुन्हा बदलून बसतात.

आता मोडा. सर्व्हरच्या सिक्युरिटी ग्रुपमधला ८०८० चा नियम काढा: ब्राउझर थोडा वेळ थांबून ५०४ दाखवेल. नियम परत घाला आणि ॲप बंद करा: लगेच ५०२. टार्गेट ग्रुपमधून (लोड बॅलन्सर ज्यांना विनंत्या देतो त्या सर्व्हरच्या यादीतून) सर्व्हरच काढून टाका: ५०३. म्हणजे ५०४ आला की आधी नेटवर्क बघा, ५०२ ला ॲप, ५०३ ला टार्गेट ग्रुप. थेट कनेक्शनमध्येही हाच हिशेब लागतो. टाइमआउट म्हणजे पॅकेट वाटेत कुठेतरी गिळलं गेलं. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट बहुतेक मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. ॲक्सेस डिनाइड आला तर नेटवर्कला हात लावू नका, विनंती पोचली आहे आणि नकार आयएएमने दिला आहे.

स्वतःचं डोमेन असेल तर एसीएममधून (एडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्र सेवेतून) एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र घ्या, लोड बॅलन्सरसाठी त्याचे पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र लोड बॅलन्सरच्याच रीजनमधलं हवं. पडताळणीसाठी डीएनएसमध्ये घातलेला सीनेम रेकॉर्ड काम झालं म्हणून पुसू नका, नूतनीकरण त्याच्यावरच चालतं.

आवरताना

त्या दिवसाचा सराव संपला की आधी लोड बॅलन्सर, मग सर्व्हर, मग नॅट गेटवे काढा. नॅट गेटवेतून एक बाइट गेला नाही तरी तासाचं भाडं लागतं. तो काढल्यावरही त्याचा इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला पब्लिक पत्ता) खात्यात राहतो, तो वेगळा रिलीज करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, वापरात असो वा नसो, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडे जास्त. शेवटी व्हीपीसी डिलीट करा. ती होत नसेल तर नेटवर्क इंटरफेसची यादी उघडा: आत काय राहिलंय ते तिथल्या वर्णनात लिहिलेलं असतं.