वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑर्केस्ट्रा लायब्रऱ्या एकाच सभागृहात कशा बसवाव्यात

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये जमशेद भाभा नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकताना पहिली व्हायोलिन डावीकडे आणि पुढे आहेत, हॉर्न मागे आहेत, तरीही सारे एकाच छताखाली वाजत आहेत, हे कानाला कुणी सांगावे लागत नाही. घरच्या संगणकावर लायब्रऱ्यांमधून, म्हणजे खऱ्या वाद्यांचे सुटे सूर (सॅम्पल) ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या संचांमधून, ऑर्केस्ट्रा उभा करताना नेमकी हीच गोष्ट हरवते. स्पिटफायर ऑडिओच्या अनेक लायब्रऱ्या लंडनच्या एअर स्टुडिओतील लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज सिडनीच्या ट्रॅकडाउन स्टुडिओत आणि ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका टेलडेक्स स्टुडिओत तयार झाली. व्हिएन्ना सिम्फनिक लायब्ररीचे जुने संच तर मुद्दाम कोरड्या, म्हणजे जवळजवळ न घुमणाऱ्या, ठेवलेल्या सायलेंट स्टेजवर. हे चार आवाज एका फाइलमध्ये आणले की चार इमारती एकमेकींवर आदळतात. सर्वांवर एकच रिव्हर्ब (सभागृहाची घुमण कृत्रिमपणे देणारे साधन) लावून हा दोष झाकला जाईल, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, आणि कामाचा क्रमही ती बिघडवते.

आधी घर ठरवा

आपल्याकडील प्रत्येक लायब्ररीतून एक छोटा, जोरकस स्टॅकॅटो सूर वाजवा आणि सूर थांबल्यावर मागे काय उरते ते ऐका. मुंबईत हे दिवसा करणे कठीण. माझी खोली दादरला रेल्वेमार्गालगत असल्यामुळे मी ही चाचणी शेवटची लोकल गेल्यावर, पंखा बंद करून, हेडफोनवर करतो. सभागृहाचे शेपूट इतके बारीक असते की पंख्याच्या घरघरीत ते सहज बुडून जाते.

ज्या लायब्ररीत हे शेपूट सर्वांत लांब आणि ठळक असेल, तिचे सभागृह आपले घर मानावे. कारण साधे आहे: कोरड्या आवाजाला खोली देता येते, पण ध्वनिमुद्रणातच मुरलेली खोली काढता येत नाही. वाद्याजवळचे (क्लोज) माइक वाढवले आणि दूरचे माइक कमी केले तर ती थोडी मागे सरते, एवढेच. सभागृहात मुद्रित केलेल्या क्लोज माइकमध्येही त्या सभागृहाचा आवाज पाझरलेला असतो.

मग वेळ आणि जोर जुळवा

रिव्हर्बला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी उरकाव्यात. पहिली वेळेची. खऱ्या वादकाला एका सुरावरून दुसऱ्यावर जायला क्षणभर लागतो आणि लेगाटोच्या (सलग जोडलेल्या सुरांच्या) सॅम्पलमध्ये तो क्षण तसाच मुद्रित असतो. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जमध्ये संथ लेगाटोला सुमारे 333 मिलिसेकंद, मध्यमाला 250 आणि वेगवानाला 100 मिलिसेकंदांचा उशीर आहे. दुसऱ्या कंपनीची बासरी जवळजवळ लगेच वाजते. दोन्हींचे सूर ग्रिडवर (पडद्यावरच्या मात्रांच्या रेषांवर) अचूक बसवले तरी व्हायोलिन मागे रेंगाळलेली वाटतात, आणि ऐकणारा त्याचा दोष चालीला देतो. उपाय असा: मेट्रोनोम लावून प्रत्येक वाद्याचा एकच साधा चार मात्रांचा तुकडा ऑडिओमध्ये उतरवा, लाटेचे चित्र मोठे करून सूर खरोखर कुठे सुरू होतो ते मोजा आणि तेवढा उणे ट्रॅक डिले द्या, म्हणजे तो ट्रॅक तितकाच आधी सुरू होईल. लेगाटो, स्टॅकॅटो आणि पिझिकाटो (बोटाने छेडलेले सूर) यांचे उशीर वेगळे असल्यामुळे त्यांना वेगवेगळे ट्रॅक देणेच सोयीचे. हे मोजमाप कंटाळवाणे आहे, पण एकदाच करून टेम्प्लेटमध्ये जपून ठेवता येते.

दुसरी गोष्ट जोराची. मॉडव्हील, म्हणजे कीबोर्डवरचे चाक (मिडी नियंत्रण क्रमांक 1, थोडक्यात सीसी 1), बहुतेक लायब्रऱ्यांमध्ये हळू वाजवलेल्या सॅम्पलकडून जोरात वाजवलेल्या सॅम्पलकडे नेते आणि त्याबरोबर आवाजाचा पोतही बदलतो. सीसी 11 केवळ पातळी वरखाली करते. मात्र मॉडव्हील मध्यावर, म्हणजे 64 वर, असताना एका लायब्ररीतला ट्रम्पेट जेमतेम बोलतो, तर दुसरीतला गर्जतो. म्हणून एकच चढती वक्ररेषा सर्वांना देऊन ऐका आणि ज्याचा पोत लवकर तापतो त्याची वक्ररेषा खाली दाबा. फेडर (पातळीची सरकपट्टी) हलवून हे सुटत नाही, कारण मोठ्याने वाजवलेला ट्रम्पेट फेडरने लहान केला तरी तो दूरवर जीव तोडून वाजवणारा ट्रम्पेटच राहतो. समतोलासाठी ऑर्केस्ट्रेशनचा जुना ठोकताळा हाताशी ठेवावा: जोरात वाजताना एक ट्रम्पेट म्हणजे साधारण दोन हॉर्न आणि एक हॉर्न म्हणजे साधारण दोन क्लॅरिनेट किंवा दोन बासऱ्या.

स्वरमेळही एकदा तपासावा. 440 आणि 442 हर्ट्झला लावलेल्या ए सुरांमधला फरक सुमारे 8 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एकटा तो जाणवत नाही, पण दोन लायब्रऱ्यांची व्हायोलिन एकावर एक ठेवली की लांब सुरांवर डळमळ सुरू होते.

जागा आणि अंतर

सभागृहात आपापल्या खुर्चीवर बसवून मुद्रित केलेली वाद्ये आधीच डावी-उजवीकडे असतात. त्यांचा पॅन फिरवू नये. त्याने एका बाजूची खोलीच बुजते. मध्यभागी मुद्रित झालेल्या कोरड्या वाद्यांचा मात्र पसारा आधी आवळावा आणि मगच त्यांना जागेवर न्यावे.

त्यानंतर अंतर. ध्वनी एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद घेतो. पुढे बसलेल्या वादकाचा थेट आवाज आपल्यापर्यंत आधी पोहोचतो आणि भिंतींवरून परतलेला बराच नंतर. मागे बसलेल्याचे दोन्ही जवळजवळ बरोबरच येतात. म्हणून पुढच्या कोरड्या व्हायोलिनच्या रिव्हर्बला 20 ते 30 मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमण सुरू होण्याआधीचा उशीर) द्यावा आणि मागच्या हॉर्नला अगदी कमी. दूरच्या वाद्याचे तीव्र स्वर इक्यूने (स्वरांच्या पट्ट्या वरखाली करणाऱ्या साधनाने) किंचित उतरवावेत. कोरड्या वाद्यांना आधी फक्त सुरुवातीची परावर्तने द्या, ती घरच्या सभागृहाशी जुळेपर्यंत थांबा, आणि मगच सर्वांसाठी एक सामायिक शेपूट लावा. घरच्या लायब्ररीतून त्यात अगदी थोडे पाठवा, कोरड्यांमधून जास्त. त्या रिव्हर्बच्या परतीच्या ट्रॅकवर साधारण 200 हर्ट्झखालचा भाग कापला की चेलो आणि बास यांचा चिखल होत नाही.

दोन लायब्रऱ्यांचे पूर्ण विभाग (उदाहरणार्थ सगळी व्हायोलिन) एकावर एक रचण्याचा मोह आवरावा, असे माझे ठाम मत आहे. त्याने गोडवा क्वचितच वाढतो. बहुतेक वेळा वादकांची गर्दी होते आणि गजाची धार बोथट होते. त्याऐवजी विभागाखाली एकच एकल व्हायोलिन अगदी हळू ठेवावे. ते वेगळे ऐकू आले तर जास्त झाले, आणि बंद केल्यावर चुटपुट लागली तर बरोबर.

मुंबईत हे एकल व्हायोलिन सॅम्पलचे नसून माणसाचेही असू शकते, आणि शक्य असेल तर ते तसेच असावे. या शहराच्या सिनेसंगीताने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेले व्हायोलिनवादक आजही एका दुपारसाठी मिळतात. एका प्रायोगिक नाटकासाठी मी असे व्हायोलिन छोट्याशा बूथमध्ये मुद्रित केले आणि सॅम्पलच्या विभागावर ठेवले, तेव्हा ते पडद्यापुढे उभे राहून वाजवल्यासारखे वाटले. मी रिव्हर्ब वाढवत गेलो आणि ते आणखी परके होत गेले. तालमीला बसलेले एक ज्येष्ठ वादक म्हणाले, “अरे, ते काका खोलीत आहेत आणि बाकीचे हॉलात. आधी काकांना उठवून हॉलात बसव.” शेपूट पूर्ण काढून फक्त परावर्तने दिली, तीव्र स्वर थोडे उतरवले, वाद्य डावीकडे सरकवले आणि विभागाला लावलेला उणे डिले मोजून पाहिला, तेव्हा व्हायोलिन 40 मिलिसेकंद पुढे धावत होते असे आढळले. ते मागे घेतल्यावर सामायिक रिव्हर्ब पूर्वीच्या निम्माच लागला.

मिश्रण संपल्यावर ते एकदा मोनोमध्ये (डावे-उजवे एकत्र करून) ऐकावे, कारण नाट्यगृहाच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना बहुधा एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो. मोनोमध्ये एखादे वाद्य विरळ झाले, तर त्याचे दूरचे माइक एकेक करून बंद करावेत. ज्याने ते पुन्हा भरते तो माइक बंदच ठेवावा.